टपावरचा राखाडी रंग

यशा,

काल तुझं तेरावं झालं. दिंडोशीच्या तुझ्या घरात मी तीन वर्षांनी पाऊल ठेवलं. पंगतीत मुद्दाम अशा जागी बसलो की तुझ्या फोटोशी नजरानजर होऊ नये. तरी झालीच. फोटोतही तू तसाच, ओठ मिटून, डोळे बारीक करून, समोरच्याच्या कामात खोट काढायच्या तयारीत. शेजारी बसलेले कुणी काका म्हणाले, "फार मनमिळाऊ माणूस हो." मला घास लागायचाच बाकी होता.

मनमिळाऊ! माणूस मेला की लोक त्याच्या अंगावर काय वाट्टेल ते घालतात. तू हट्टी होतास, कुचकट होतास, आणि एकदा अबोला धरलास की सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. हे मी नाही सांगणार तर कोण सांगणार? मी तुझा बारा वर्षांचा दोस्त, आणि त्यानंतरचा तीन वर्षांचा कुणीच नाही.

आपली ओळखसुद्धा भांडणातून झाली, आठवतंय? अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतली आपली खेळण्यांची कंपनी. परदेशातून आलेल्या जुन्या साच्यांत जस्त ओतून छोट्या मोटारी बनवायच्या. तू टूलरूममध्ये, साच्यांच्या सेवेला. मी स्प्रेच्या खोलीत, नाकाला फडकं बांधून. माझ्या पहिल्या आठवड्यातला एक ट्रे तू घेऊन आलास. लाल रंगाच्या शंभरेक टपालाच्या व्हॅन. त्यातली एक माझ्या नाकासमोर धरलीस.

"पेंटरा, दरवाजा खंय गेलो?"

मी म्हटलं, "कुठला दरवाजा?"

"तोच विचारतंय. साच्यात मी केसाएवढी रेघ ठेवलंय. तू तिचा गटार बुजवल्यासारखा बुजवलंस."

तू खरं बोलत होतास, म्हणून राग जास्त आला. दोन दिवस तुझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी रंग पातळ केला, एकाऐवजी दोन हलके हात मारले, आणि दरवाजाची रेघ दिसायला लागली. तू आलास, गाडी फिरवून बघितलीस, "हां" म्हणालास आणि गेलास. तुझ्या त्या एका 'हां'साठी मी पुढे बारा वर्षं रंगाची गन चालवली असं म्हटलं तर कंपनीला वाईट वाटेल, पण खरं तेच आहे. हात हलका कसा ठेवायचा हे मला कुणी शिकवलं असेल तर तू. आणि त्याच हलक्या हाताने मी तुझा घात केला.

तुझ्या व्हॅन मी पहिल्यांदा बघितल्या त्या कुर्ल्याच्या खोलीत. दहा बाय बाराची खोली, त्यात तुम्ही दोघं नवरा-बायको आणि एक लोखंडी कपाट. वहिनींच्या साड्यांना त्यात एकच कप्पा. बाकीच्या कप्प्यांत व्हॅन. तुला मोटारी नकोत, शर्यतीच्या गाड्या नकोत, फक्त व्हॅन. पाववाल्याची, दूधवाल्याची, लाँड्रीची, इंग्रजांच्या देशातल्या कुठल्याशा चहा कंपनीची. प्रत्येक आपापल्या खोक्यात, खोक्यावर कागद, कागदावर तुझ्या बारीक अक्षरात साल आणि साच्याची खूण. विमानतळावरचा एक लोडर तुला कधीमधी एखादी आणून द्यायचा. बाकीच्या तू चोर बाजारात हुडकायचास. रविवारी मला बरोबर न्यायचास, आणि मी एखादी चकचकीत गाडी उचलली की म्हणायचास, "ठेव खाली. नवीन रंग मारलाय तिला. म्हातारीने लाली लावली म्हणून तरणी होते काय?"

बघ, हे तू मला सांगितलं होतंस. एकदा नाही, दहादा. जुन्या गाडीला नवा रंग लावला की ती मेली, हे मला पाठ होतं. माझ्याविरुद्धचा हा पुरावा मीच तुझ्या हातात देतोय, कारण तुला तो तिथे वर सापडला नाही असं व्हायला नको.

पण मग मलाही माझं म्हणणं मांडू दे.

आपला एक वाद कायमचा होता. मी म्हणायचो, खेळणं खेळायसाठी असतं, खोक्यात कसलं पुरून ठेवतोस? तू म्हणायचास, "माझा खेळान झाला." बस्स, एवढंच. मला वाटायचं, हा उडवून लावतोय. त्या तीन शब्दांत काय होतं ते तू कधी उलगडून सांगितलं नाहीस. व्हॅनच्या चाकांमधलं अंतर सांगायचास, खिडकीला काच कोणत्या साली आली ते सांगायचास, जे सांगायला हवं होतं ते सोडून सगळं.

कपाटात एकच गाडी खोक्याशिवाय होती. सगळ्यात मागे, जुन्या हातरुमालात गुंडाळलेली. बेकरीची हिरवी व्हॅन, गोल नाकाची. कडा उडालेल्या, एक चाक वाकडं. आणि तिचा टप! कुणीतरी त्यावर राखाडी रंग फासला होता, जाड, ब्रशने, ओघळ तसेच ठेवून. ब्रशचा एक केस त्या रंगात चिकटून वाळला होता. मी आयुष्यभर रंगाचंच काम केलेला माणूस. मला ते बघवेना. मी म्हणालो, "हा रंग कुठल्या गाढवाने फासलाय रे?"

आणि तू हसलास.

यशा, तू हसलास! माझ्या डोळ्यांसमोर आजही ते आहे. तू गाडी माझ्या हातातून घेतलीस, रुमालात गुंडाळलीस, आणि हसत म्हणालास, "होतो एक गाढव." त्या वेळी तोंड उघडलं असतंस तर? "पेंटरा, तो माझा बाप होता," एवढंच म्हणायचं होतं. मी कानाला खडा लावला असता. त्या गाडीला हात लावण्याआधी आंघोळ केली असती. पण नाही. दुसऱ्याच्या चुका बघताना तुझे डोळे घारीचे, आणि स्वतःचं दुखणं सांगताना तोंडाला कुलूप.

मग तुला दिंडोशीला घर लागलं. नवी वसाहत, तिसरा मजला, दोन खोल्या. तू कधी नव्हे ते मोकळा झालास. भिंतीत काचेचं कपाट करून घेणार होतास. सामान टेंपोत घालताना तू म्हणालास, "व्हॅनचे खोके मी टेंपोत नाय टाकणार. पंधरा दिवस तुझ्याकडे राहू दे. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?" मरोळच्या माझ्या खोलीत ते खोके आले. मी खाटेखाली प्लॅस्टिक अंथरून त्यावर ठेवले. शेजारणीच्या मांजराला पंधरा दिवस दार बंद.

तुझ्या वास्तुपूजेला काय द्यायचं, हा मला प्रश्न. भिंतीवरचं घड्याळ सगळेच देतात. रुमालातली ती व्हॅन बाहेर काढली आणि वाटलं, सापडलं. सगळ्यांत नीटनेटक्या माणसाच्या कपाटात ही एकच भिकारी. खोकं नाही म्हणून मागे लपवून ठेवतो, लाजतो बिचारा. हिला मी अशी करून देतो की काचेच्या कपाटात पहिली उभी राहील. चोर बाजारातली ती लाली लावलेली म्हातारी मला तेव्हा आठवली नाही का? आठवली. मला वाटलं, ते दुसऱ्यांचे हात. माझा हात लागला तर गोष्ट वेगळी. गर्वच तो, दुसरं काय.

पाच दिवस राबलो त्या गाडीवर. कारखान्यात दिवसाला हजार गाड्या करणारा मी, एका गाडीवर पाच दिवस. रिमूव्हर लावला, रंग फुगला, पुसून काढला. टपावरचा राखाडी मात्र हटेना. तीनदा रिमूव्हर लावावा लागला. वैतागून म्हणालोसुद्धा, काय डांबरासारखा रंग आहे हा! शेवटी सगळा निघाला, त्यातल्या केसासकट. पॉलिशकागदाने घासून धातू लख्ख केला. अस्तराचा एक हात, मग हिरवा, टपाला दुधाच्या सायीसारखा साय रंग. वाकडं चाक सरळ केलं. वाळल्यावर उजेडात धरली तर, आईशप्पथ, दरवाजाची रेघ केसासारखी दिसत होती. मला वाटलं, आज 'हां'च्या पुढचा एखादा शब्द निघेल तुझ्या तोंडून.

वास्तुपूजेला घर भरलं होतं. शेजारच्यांचा नवा रंगीत टीव्ही चालू होता, पोरं तिकडे. बाकीचे खोके सकाळीच आणून ठेवले होते, हे एक खोकं मी सगळ्यांसमोर तुझ्या हातात दिलं. खोकंसुद्धा मीच बनवलं होतं, पुठ्ठ्याचं, जुन्या धाटणीचं. तू उघडलंस. तुझे हात थांबले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे मला तुझ्या हातांवरूनच कळलं. तू गाडी घेऊन गॅलरीत गेलास. मी मागोमाग आलो.

"टपावरचा रंग खंय?"

"कसा झालाय ते तरी सांग."

"पेंटरा, टपावरचा रंग. खाली असा ना अजून? वरसून मारलंस ना तू?"

तुझा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मागे वहिनी पेढ्याचं ताट घेऊन उभ्या. आणि मी म्हणालो, "हो, आहे ना. खाली आहे. वरूनच मारलाय."

हे माझं खोटं. बघ, लिहिताना किती लहान दिसतं. त्या क्षणी मला इतकंच वाटलं की घरात पूजा आहे, माणसं आहेत, उद्या कारखान्यात निवांत खरं सांगू. दुसऱ्या दिवशी तू आपल्या नेहमीच्या चहाच्या बाकावर आला नाहीस. चार दिवसांनी मीच टूलरूममध्ये आलो. तू साच्यावर वाकलेला. वर न बघता बोललास.

"माझ्या बापाशीन मारलेलो रंग होतो तो. बोटीवर खलाशी होतो. गाडी घेऊन येताना टपाचे पोपडे उडाले, म्हणून बोटीचो रंग लावल्यान. पुढच्या फेरीसून परत इलो नाय. मी आठ वर्षांचो होतंय."

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण शरमेने माणूस करतो तेच मी केलं, उलटा चढलो. "मग मला सांगितलं का नाहीस? गाढव कोण म्हणून विचारलं तेव्हा हसलास कशाला? मला काय ज्योतिष येतं?" तू म्हणालास, "गप रव." मी म्हणालो, "नाही गप्प राहत." तू कानस उचललीस आणि घासायला लागलास. जोरात, माझा आवाज बुडेल इतक्या जोरात.

त्यानंतर तीन वर्षं. तुझ्या साच्यातून निघालेली गाडी रोज माझ्या गनखालून जायची. तू रेघ बारीक केलीस की मला कळायचं, मी हात हलका ठेवला की तुला कळत असणार. आपण जस्ताच्या गाड्यांमधून बोलत होतो, पण तोंडाने नाही. फाटकाशी समोरासमोर आलो की तू बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचास. पायात चपला होत्या, नाडीच नव्हती, तेव्हासुद्धा एकदा वाकलास, हरामखोरा. तेव्हा मला हसू आलं होतं. तुला हाक मारली असती तर तुलाही आलं असतं. मी मारली नाही.

आणि मग त्या मंगळवारी टूलरूममधून लोक धावत आले. मी गन हातात घेऊन उभाच. तुला दवाखान्याच्या गाडीत घालेपर्यंत मी दारापर्यंतसुद्धा पोहोचलो नव्हतो. तुझ्या छातीत असं काही चाललंय हे तरी कुणाला सांगितलं होतंस का? तेही नसणारच.

काल पंगत उठल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. काचेचं कपाट झालंय की तुझं. सगळ्या व्हॅन ओळीत, कागदांसकट. वहिनींनी खालचा खण उघडला आणि तो हातरुमाल काढला.

"भाऊजी, दर रविवारी सकाळी खिडकीशी बसून हे हिचंच काहीतरी करायचे. काडीला कापूस गुंडाळायचे, थिनरमध्ये बुडवायचे, नाहीतर ब्लेडने एवढं एवढं खरवडायचे. मी विचारलं तर म्हणायचे, खाली बाबांचा रंग आहे, पेंटर म्हणालाय."

मी गाडी हातात घेतली. अंगाला माझा हिरवा तसाच, रेघा तशाच. टप मात्र उघडा. तू किती हळू खरवडलं होतंस, धातूवर एक ओरखडा नाही. सगळा टप नागडा, मळक्या जस्ताचा. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढा, माझा साय रंग शिल्लक.

तू टूलरूमचा माणूस. पहिल्याच रविवारी तुला दिसलं असणार की साय रंगाखाली अस्तर आहे आणि अस्तराखाली थेट धातू. तुला तिथेच कळायला हवं होतं. कळलंही असेल. तरी तू पुढे खरवडत राहिलास, कारण पेंटर 'आहे' म्हणाला होता. माझ्याशी बोलत नव्हतास, माझं तोंड बघत नव्हतास, आणि स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बसला होतास. याच्यापेक्षा मला कानाखाली मारायची होतीस.

वहिनी म्हणाल्या, "हा कोपरा यांनी वर्षभर तसाच ठेवला होता. मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला थांबलात? तर म्हणाले, राहू दे. आता तुम्ही काढून द्याल का? हे म्हणायचे, पेंटरासारखा हलका हात कुणाचा नाही. मला एकदाच बघायचंय हो, सासऱ्यांच्या हातचं."

हलका हात. 'हां'च्या पुढचे शब्द तू बोलला होतास तर. माझ्या पाठीमागे, बायकोजवळ.

वहिनी वाट बघत होत्या. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा भरलेलं घर. या वेळी मात्र खरं बोललो. "वहिनी, तिथे काही नाही. रंग मारण्याआधी मी सगळं काढून टाकलं होतं. त्यांना खोटं सांगितलं."

त्यांनी विचारलं, "नंतर तरी सांगितलं होतंत?"

"नाही."

"सांगायचं होतंत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तेव्हाच्या तेव्हा मरोळला आले असते. तुमची गचांडी धरली असती, चारचौघांत आयमाय काढली असती. पण आले असते ना हो. या खिडकीशी तीन वर्षं एकटे बसले नसते."

त्यांनी गाडी परत घेतली नाही. रुमालात गुंडाळून माझ्याच हातात दिली आणि पाहुण्यांना सुपारी द्यायला बाहेर गेल्या.

ती आता माझ्या समोर आहे. कोपऱ्याला मी हात लावलेला नाही आणि लावणार नाही. तू वर्षभर तो का सोडलास हे मला तू सांगणार नव्हतासच, जिवंत असतास तरी नाही. पण मी माझ्याकडचं सांगून टाकतो, त्या दिवशी गॅलरीत सांगायला हवं होतं ते. खाली काही नाही, यशा. तुझ्या बापाचा रंग मी माझ्या हाताने पुसला, त्यातल्या केसासकट, आणि चिंधी मोरीत धुतली.

सांगितलं. आता ये. धर गचांडी.